पोस्टर लावण्याआधी तारीख पाहा



आपल्या वार्तापत्राच्या या आरोग्य आणि अर्थ विभागात आजवर कोलेस्टेरॉल, आयुर्विमा, मुलांच्या कॉलेजसाठी बचत, भारतातल्या घराच्या विक्रीवरचा कर असे विषय येऊन गेले. आजचा विषय वरवर पाहता इथला वाटणार नाही. पण तो पैशाचा आहे आणि माझ्यापुरता थोडा आरोग्याचाही आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हातून जे शोध लागतात त्यांच्या पेटंटबद्दल मी लिहिणार आहे. आधीच सांगतो, मी वकील नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि पेटंटच्या कायद्याशी माझी ओळख झाली ती एक संधी हातची गेल्यावर.

२०१० साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा बाबा सांगलीच्या एका इस्पितळात आठ दिवस होते. आपल्याकडच्या इस्पितळात ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना सलाइनची बाटली वेगळी सांगायला नको. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाचे काम एकच : बाटलीकडे बघत बसायचे आणि ती संपत आली की सिस्टरना हाक मारायची. दुसऱ्या रात्री मला डुलकी लागली. आईच्या ओरडण्याने जागा झालो तेव्हा बाटली रिकामी होती आणि नळीत रक्त चढू लागले होते. पुढे काही वाईट झाले नाही, बाबा आजही रोज फिरायला जातात. पण ती नळी डोळ्यांपुढून गेली नाही.

२०१२ मध्ये एम. एस.साठी इथे आलो आणि प्रोजेक्टला तोच विषय घेतला. सलाइनच्या नळीला जी ठिबकणारी कुपी असते तिला बाहेरून लावायची एक छोटी क्लिप मी बनवली. इन्फ्रारेड प्रकाशाने ती थेंब मोजायची आणि बाटली संपायच्या दहा मिनिटे आधी वाजायची. थेंब मोजणारी यंत्रे आधीपासून होतीच. माझ्या क्लिपमध्ये नवे एवढेच होते की कुपी तिरकी झाली किंवा आतून तिच्यावर तुषार साचले तरी मोजणी चुकत नव्हती, आणि हे सगळे थोडक्या डॉलरांच्या साहित्यात होत होते.

१८ एप्रिल २०१४ रोजी आमच्या विभागाचे प्रदर्शन होते. मी पोस्टर लावले, सर्किटची आकृती मोठी छापून लावली, येणाऱ्या प्रत्येकाला उत्साहाने सगळे समजावून सांगितले. प्रोजेक्टचा अहवाल ग्रंथालयात गेला. मला नोकरी लागली, क्लिप खोक्यात गेली. जून २०१५ मध्ये इस्पितळाची उपकरणे बनवणाऱ्या एका लहान कंपनीतल्या इंजिनिअरचा निरोप आला. त्यांनी अहवाल वाचला होता, त्यांना रस होता. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘‘पेटंटचा अर्ज कधी केलात?’’

मी धावत विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसात गेलो. असे ऑफिस असते हेच मला तोवर ठाऊक नव्हते. ते आमच्या कँटीनच्या वरच्या मजल्यावर होते. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारले, ‘‘पोस्टर कोणत्या तारखेला लावलेत?’’ मी तारीख सांगितली. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘दोन महिन्यांपूर्वी यायला हवे होते.’’ कंपनीने पुढे कळवले नाही. ज्या वस्तूवर कुणाचाच हक्क नाही तिच्यावर पैसे कोण घालणार? दोष तरी कुणाला द्यावा? गाइडना वाटले मला ठाऊक असेल, मला वाटले असले काही असते तर गाइडनी सांगितले असते.

आता हे दोन महिने कुठून आले ते सांगतो, कारण सगळ्या विषयात विद्यार्थ्याला सर्वांत महाग पडणारी गोष्ट हीच आहे. पेटंट मिळायला शोध नवा असावा लागतो, आणि नवा म्हणजे जगात आधी कुणी जाहीर न केलेला. या ‘कुणी’मध्ये तुम्ही स्वतःही येता. अमेरिकेचा कायदा एवढी दया दाखवतो की शोध शोधकर्त्यानेच जाहीर केला असेल तर त्या दिवसापासून अर्ज करायला एक वर्ष देतो. युरोपात सहसा ते वर्षही नाही. अर्जाच्या आधी जाहीर झाले की विषय संपला. भारतात सवलत आहे ती काही ठरावीक प्रसंगांपुरती. म्हणजे पोस्टर लावल्याबरोबर युरोपचे दार बंद होते आणि अमेरिकेचे घड्याळ सुरू होते.

त्यातच १६ मार्च २०१३ पासून अमेरिकेनेही ‘ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क’ ही पद्धत घेतली. त्यापूर्वी वहीत तारीख घालून साक्षीदाराची सही घेतलेली असली तर ‘माझ्या डोक्यात आधी आले’ असे सांगण्याला अर्थ होता. आपले जुने जाणते इंजिनिअर काका अजूनही मुलांना हा वहीचा सल्ला देतात. वही जरूर ठेवावी, पण नुसत्या वहीच्या भरवशावर आता पहिला नंबर लागत नाही.

‘जाहीर’ शब्दाचा अर्थही आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार रुंद आहे. दोन जुने खटले सांगतो. १९९८ च्या ऑक्टोबरात धान्यरसायनाच्या एका परिषदेत संशोधकांनी चौदा पानांचे पोस्टर अडीच दिवस लावले. प्रती वाटल्या नाहीत, ग्रंथालयात ठेवले नाही. दोन वर्षांनी अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला, आणि २००४ साली अपील न्यायालयानेही तेच कायम केले : भिंतीवर होते, पाहणारे त्या विषयातले जाणकार होते, उतरवून घ्यायला कुणाला मनाई नव्हती, बस्स. दुसरा खटला १९८६ चा. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात असलेला एक प्रबंध, एवढाच पुरावा. पण तो सूचीत नोंदलेला होता, म्हणून तो साऱ्या जगासाठी प्रसिद्ध झालेला धरला गेला. ‘‘आमचा अहवाल कोण वाचतो?’’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे. माझा अहवाल एकाने वाचला, आणि तोही उशिरा.

ह्याच नियमाचा फायदा आपण मराठी मंडळींनी अभिमानाने अनुभवलेला आहे. हळदीची लढाई आठवते ना? मार्च १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले, तेही मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या संशोधनावर. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने ३२ संदर्भ जमवून पेटंट ऑफिसपुढे ठेवले, त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. त्या काळच्या कायद्यात परदेशात लोक एखादी गोष्ट नुसती करत आले आहेत हे पुरेसे नव्हते, ते कुठेतरी छापलेले असावे लागे. म्हणजे आजीने गुडघ्याला लावलेली हळद कामाला आली नसती, छापील कागद आला. २०१३ पासून जगात कुठेही उघडपणे वापरात असलेली गोष्टही मोजली जाते. तेव्हा आपल्या मुलाला एखादी युक्ती सुचली तर आधी शोधून पाहावे की ती आधी कुठे छापली किंवा वापरली गेली आहे का. पेटंट ऑफिसचा शोधसंग्रह फुकट आहे. शिवाय देशभर ८० हून अधिक ग्रंथालयांत पेटंटविषयी मदत करणारे ग्रंथपाल बसतात, आणि ते विद्यार्थ्यांशी अतिशय आपुलकीने वागतात असा माझा अनुभव आहे. एका शनिवारी दोन तास बसले तर निम्म्या कल्पना आपोआप गळून पडतात. त्यात वाईट वाटायचे कारण नाही. वाचलेले पैसे मोजावेत.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या एका काकांचा फोन आला. त्यांची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन मैत्रिणींबरोबर तिने व्हीलचेअरसाठी काहीतरी बनवले होते. काय बनवले ते मी इथे लिहिणार नाही, कारण वर वाचलेच आहे.

काका म्हणाले, ‘‘अरे, एक कंपनी सापडली आहे. नऊ हजार डॉलरमध्ये सगळे करून देतो म्हणतात. पेटंट, जाहिरात, कारखानदारांशी भेटी. म्हणाले, कल्पना फारच छान आहे. चेक पाठवू का?’’

‘‘काका, चेक फाडून टाका,’’ मी म्हणालो. ‘‘आणि मला आधी सांगा, पोस्टर कधी आहे?’’

‘‘एप्रिलच्या शेवटी.’’

‘‘मग वेळ आहे.’’

अशा कंपन्यांबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण ह्या फोनमुळेच हा लेख अर्थविभागात आला. त्यांना सगळ्याच कल्पना छान वाटतात. फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ साली फ्लोरिडातल्या वर्ल्ड पेटंट मार्केटिंग या कंपनीवर कारवाई केली; २०१८ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरचा निकाल लागला आणि तिच्या चालकाला हा धंदा करण्यास बंदी झाली. तोवर अनेकांची बचत बुडाली होती. १९९९ च्या एका कायद्याने तुमच्या हाती एक सोपे शस्त्र दिले आहे. करार करण्याआधी अशा कंपनीने लेखी सांगितले पाहिजे की गेल्या पाच वर्षांत तिने किती कल्पना तपासल्या, त्यांतल्या कितींना चांगले म्हटले, कितींना नकार दिला आणि किती गिऱ्हाइकांना फीपेक्षा जास्त पैसे मिळाले. काकांनी तो कागद मागितला. त्यानंतर त्यांना फोन आला नाही.

मग काका, त्यांची मुलगी आणि मी असे तिघे आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. पहिला प्रश्न, शोध कुणाचा? काकांनी लगेच सांगितले, ‘‘तिघी मुली, त्यांचे प्रोफेसर आणि मी.’’ मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही?’’ काकांचे म्हणणे, गॅरेज माझे, वेल्डिंग मी केले, साहित्याचे चारशे डॉलर मी दिले. आम्ही तिघेही हसलो, पण मुद्दा गंभीर आहे. अमेरिकेच्या कायद्यात शोधकर्ता म्हणजे ज्याच्या डोक्यातून ती कल्पना पूर्ण रूपात निघाली तो. पैसे देणारा नाही, सांगितल्याप्रमाणे जोडून देणारा नाही, आणि विभागप्रमुखही नाही. शोधनिबंधावर आदराने नाव घालायची आपल्याकडे रीत आहे, ती इथे चालत नाही. चुकीचे नाव मुद्दाम घातले किंवा खरे नाव गाळले तर पेटंटच धोक्यात येते. प्रोफेसरांनीही समजूतदारपणे सांगितले की त्यांनी फक्त चाचणी कशी करावी ते सुचवले होते. काकांचे नाव आता आभारात आहे.

दुसरा प्रश्न, हक्क कुणाचा? शोधकर्ता आणि मालक हे दोन वेगळे असू शकतात. सर्वसाधारणपणे जी विद्यार्थिनी विद्यापीठाच्या पगारावर नाही, जिने संशोधन अनुदानाचे पैसे किंवा प्रयोगशाळेची विशेष साधने वापरलेली नाहीत, तिचा शोध तिचाच असतो. पगारी संशोधन साहाय्यकाचा शोध बहुधा विद्यापीठाचा. पण प्रत्येक विद्यापीठाचे धोरण वेगळे, आणि ते वाचल्याशिवाय गृहीत धरू नये. मिसुरी विद्यापीठात २००९ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी एका स्पर्धेसाठी फोनचे ॲप केले. विद्यापीठाने सुरुवातीला त्यात २५ टक्के मालकी आणि नफ्याचा दोन तृतीयांश वाटा मागितला. मुलांनी नम्रपणे पण ठामपणे विरोध केला. विद्यापीठाने माघार तर घेतलीच, पुढे धोरणही बदलले. उलट टोकाचे उदाहरण दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाचे. तिथे पदवीच्या एका विद्यार्थ्याने एका कंपनीच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पात साहाय्यकाचे काम केले, मग वह्या घेऊन स्वतःच्या नावाने पेटंट मिळवले. १९९० मध्ये तो चोरीच्या आरोपात दोषी ठरला, पेटंट सोडून देण्याचा आदेश त्याने मानला नाही, आणि १९९६ मध्ये त्याला तुरुंगात जावे लागले. त्याची बाजू घेणारे आजही आहेत. मला एवढेच वाटते की पहिल्या दिवशी कुणीतरी त्याच्यासमोर कागद ठेवून समजावला असता तर गोष्ट इथवर आली नसती.

आणि तो कागद नीट वाचावा. मुले इंटर्नशिपला जातात, पहिल्या दिवशी वीस पानांवर सह्या करतात. स्टॅनफर्ड आणि रोश यांच्यातल्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी पैशातून झालेला शोधही मुळात शोधकर्त्याचा असतो, विद्यापीठाकडे तो आपोआप जात नाही. १९८० चा बे-डोल कायदा विद्यापीठांना असे हक्क ठेवून घेऊ देतो, पण आधी ते मिळवावे लागतात. त्या संशोधकाने विद्यापीठाच्या कागदावर ‘हक्क देण्याचे मान्य करतो’ अशा अर्थाची सही केली होती, आणि नंतर एका कंपनीच्या कागदावर ‘याद्वारे हक्क देतो’ अशी. दुसरी सही भारी ठरली. एका क्रियापदाचा फरक! आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक ज्यांना कळतो त्यांना हे वेगळे समजवायला नको.

विद्यापीठ मालक झाले म्हणजे मुलाचे सगळे गेले असेही नाही. सरकारी पैशातून झालेल्या शोधाच्या उत्पन्नात शोधकर्त्याला वाटा देणे विद्यापीठाला बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी तो एक तृतीयांशाच्या आसपास असतो. खर्चही विद्यापीठ करते. गूगलच्या मुळाशी असलेल्या पेजरँक पद्धतीचे पेटंट लॅरी पेज यांच्या नावे शोधकर्ता म्हणून आहे, पण मालक स्टॅनफर्ड. कंपनीने विद्यापीठाला शेअर दिले, ते २००५ पर्यंत विकून स्टॅनफर्डला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. दोघांचेही वाईट झाले नाही! या गोष्टीत मला जास्त आवडते ती तारीख. प्रोव्हिजनल अर्ज १० जानेवारी १९९७ चा, पूर्ण अर्ज ९ जानेवारी १९९८ चा. बारा महिन्यांची मुदत, आणि एक दिवस शिल्लक. स्टॅनफर्डमध्येही मुले असाइनमेंट शेवटच्या रात्रीच देतात हे वाचून मला बरे वाटले.

हा प्रोव्हिजनल अर्ज म्हणजेच विद्यार्थ्याचा खरा मित्र. १९९५ पासून तो अमेरिकेत आहे. त्यात शोध कसा चालतो त्याचे पूर्ण वर्णन आणि आकृत्या द्यायच्या; वकिली भाषेतले दावे त्या वेळी लागत नाहीत. पेटंट ऑफिस तो तपासत नाही, फक्त तारीख लावून ठेवते. बारा महिन्यांत पूर्ण अर्ज केला तर ती जुनी तारीख मिळते, नाही केला तर तो मरून जातो. ‘प्रोव्हिजनल पेटंट’ नावाची वस्तू अस्तित्वात नाही, कुणी विकत असेल तर सावध राहावे. आणि वर्णन अर्धवट दिले तर तारीखही अर्ध्याच गोष्टीला मिळते, हेही विसरू नये.

खर्च किती? २०२५ च्या जानेवारीत लागू झालेल्या दरपत्रकात मोठ्या कंपनीला या अर्जाची फी ३२५ डॉलर, छोट्या संस्थेला १३०, आणि ‘मायक्रो एंटिटी’ला ६५. बहुतेक विद्यार्थी या तिसऱ्या वर्गात बसतात : उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवे आणि आधी चारपेक्षा जास्त अर्जांवर नाव नको. शोधकर्ते अनेक असले तर प्रत्येकाने या अटीत बसले पाहिजे. नागरिकत्वाची अट नाही. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थीही शोधकर्ता आणि अर्जदार होऊ शकतो. मात्र त्या शोधावर कंपनी काढून तिथे काम करणे हा व्हिसाचा वेगळा प्रश्न आहे, तो इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारावा. पूर्ण अर्जाची सरकारी फी त्याच दरपत्रकात साधारण २,००० डॉलर, मायक्रो एंटिटीला ४००. मंजूर झाल्यावर पुन्हा फी, आणि मग साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी पेटंट जिवंत ठेवण्याची फी. दर बदलत असतात, अर्जाच्या दिवशी पाहून घ्यावेत. खरा खर्च वकिलाचा असतो आणि तो कित्येक हजारांत जातो.

इथे दोन दारे उघडी आहेत ती फार थोड्यांना ठाऊक असतात. पेटंट ऑफिसने २००८ पासून लॉ स्कूलमधल्या क्लिनिकना मान्यता देण्याचा कार्यक्रम चालवला आहे. त्यात आज साठाहून जास्त लॉ स्कूल आहेत. कायद्याचे विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली अर्ज लिहून देतात, फुकट. दुसरे दार प्रो बोनो कार्यक्रमाचे, २०११ मध्ये मिनेसोटात सुरू होऊन देशभर पसरलेले. वकील स्वतःची फी घेत नाहीत, सरकारी फी मात्र भरावी लागते. उत्पन्नाची अट राज्याराज्यात वेगळी, आणि प्रोव्हिजनल अर्ज आधीच दाखल केलेला असावा किंवा पेटंटविषयीचा छोटा अभ्यासक्रम केलेला असावा अशी अपेक्षा असते. काकांच्या मुलीचे विद्यापीठ शोधावर हक्क सांगत नाही असे लेखी आले. मार्चमध्ये तिघींनी मिळून ६५ डॉलरचा अर्ज दाखल केला, एप्रिलमध्ये पोस्टर लावले. आता एका क्लिनिकच्या यादीत त्यांचे नाव आहे. नऊ हजार डॉलर काकांकडेच आहेत. पेटंट मिळेलच असे नाही, मिळाले तरी कुणी विकत घेईलच असेही नाही. पण निर्णय त्यांच्या हातात आहे. माझ्या हातात तो नव्हता.

पुण्यातल्या भावंडाबरोबर मिळून काही करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण सुट्टीत असे बरेच होते. भारतात राहणाऱ्याला परवानगीशिवाय थेट परदेशात पेटंटचा अर्ज करता येत नाही. एकतर लेखी परवाना घ्यावा किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे. अमेरिकेत लागलेल्या शोधालाही बाहेर अर्ज करण्यापूर्वी इथला परवाना लागतो. दोन्हीकडचे शोधकर्ते असतील तर दोन्ही नियम लागू. हे मोडल्यास भारतात शिक्षेचीही तरतूद आहे, तेव्हा हसण्यावारी नेऊ नये.

माझ्या स्वतःच्या धंद्यातल्या मुलांना वाईट बातमी. नुसते ॲप, नुसती ‘अमुक गोष्ट कॉम्प्युटरवर करणे’ याला २०१४ च्या ॲलिस निकालापासून पेटंट मिळणे अवघड झाले आहे. लिहिलेल्या प्रोग्रामला कॉपीराइट आपोआप असतोच. बहुतेक ॲपना तेवढे पुरते.

आणि आता एक मत जे काही पालकांना आवडणार नाही. हायस्कूलच्या मुलाच्या कॉलेज प्रवेशाच्या अर्जावर शोभेसाठी पेटंट मिळवायचे, अशी टूम आपल्या लोकांत आली आहे. त्यात बरेचदा डिझाइन पेटंट असते, जे फक्त वस्तूच्या दिसण्याचे असते, ती चालते कशी त्याचे नव्हे. हजारो डॉलर घालून बाबांनी सुचवलेल्या पेल्याच्या आकारावर मुलाचे नाव लावणे हे काकांच्या वेल्डिंगपेक्षा वाईट आहे. काकांनी निदान वेल्डिंग तरी खरे केले होते. शोधकर्ता म्हणून अर्जदार शपथेवर सही करतो. सतराव्या वर्षी मुलाला खोट्या शपथेवर सही करायला लावू नये.

माझ्या मते विद्यापीठातल्या दहा प्रोजेक्टपैकी आठ-नऊंनी पेटंटच्या वाटेला जाऊच नये. त्या मुलांनी खुशाल सगळे छापावे, जगाला द्यावे. सलाइनची माझी क्लिपही मी मुद्दाम फुकट देऊन टाकली असती तर मला आज आनंदच वाटला असता. पण मी ती दिली नाही, नकळत सांडली. कंपनीने पैसे घातले असते तर ती कदाचित एखाद्या इस्पितळात पोचली असती. आज ती माझ्या बेसमेंटमध्ये आहे.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला मी पत्र दिले आहे. विद्यापीठांची प्रदर्शने एप्रिलमध्ये असतात, म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मराठी शाळा सुटल्यावर, त्याच वर्गात दोन तासांची बैठक घ्यावी. आपल्या सभासदांत पेटंटच्या क्षेत्रात काम करणारे दोघे आहेत, त्यांनी यायचे कबूल केले आहे. कॉलेजातल्या मुलांनी प्रोजेक्टमधले काही सांगू नये, फक्त तीन गोष्टी लिहून आणाव्यात : पोस्टरची तारीख, विद्यापीठाच्या धोरणाची छापील प्रत, आणि आजवर सह्या केलेल्या कागदांची यादी. पालकांनी चेकबुक घरी ठेवून यावे. चहा आणि बटाटेवडे माझ्याकडून.